मोबाइलची झोनबंदी

गेल्या दिवाळीत माझा आत्येभाऊ अमेरिकेहून आला आणि येताना बाबांसाठी आयफोन घेऊन आला. "मामा, हा तुम्हाला. दीड वर्ष मी वापरलाय, पण एकदम नव्यासारखा आहे." बाबांनी फोन पुढून बघितला, मागून बघितला, चारी कडांवरून अंगठा फिरवला. मग चष्मा पुसून परत एकदा बघितला आणि विचारलं, "पण ह्यात कार्ड घालायचं कुठनं?"

कार्ड घालायचं कुठूनच नव्हतं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांना २०२२ सालच्या १४ नंबरच्या मॉडेलपासून सिमचा कप्पाच नसतो. सगळं ई-सिम. म्हणजे कंपनीकडून आपल्या नंबरची माहिती थेट फोनच्या पोटात उतरवायची. हे सगळं समजावून सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. घरातल्या कुणाचंही बँकेचं अ‍ॅप बंद पडलं की मला फोन येतो, त्यामुळे मी आमच्या खानदानाचा मोबाइलतज्ज्ञ. ई-सिमची मागणी केली, कोड आला, स्कॅन केला... आणि फोन म्हणाला, हे सिम इथे चालणार नाही.

मग राजारामपुरीतल्या नेहमीच्या दुकानात गेलो. तिथल्या पोरानं सेटिंगमध्ये जाऊन दोन ठिकाणी बोट टेकवलं आणि निकाल दिला. "दादा, लॉक हाय ह्यो. हप्तं फिटल्यात का तकडचं?"

आत्येभाऊ माझ्यामागे उभा होता. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिकडच्या एका कंपनीकडून त्यानं फोन ३६ महिन्यांच्या हप्त्यांवर घेतलेला, त्यातले निम्मे हप्ते अजून जायचे होते. सगळे फिटेपर्यंत फोन त्याच कंपनीच्या सिमवर चालणार, असं करारात लिहिलं होतं म्हणे. करार कोण वाचतं?

घरी येऊन बाबांना सांगितलं. फोन चांगला आहे, बिघाड काही नाही, पण तो एकाच कंपनीला बांधलेला आहे, दुसऱ्या कुणाचं कार्ड घेणार नाही. बाबा एका क्षणात म्हणाले, "म्हणजे झोनबंदीच की ही!"

हे लिहायला बसलो ते त्या एका शब्दामुळे.

आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना झोनबंदी ठाऊक नसेल, आणि कोल्हापूर-सांगलीबाहेरच्या वाचकांना तर नसेलच, म्हणून थोडक्यात सांगतो. १९८४ साली महाराष्ट्र सरकारनं एक आदेश काढला. प्रत्येक साखर कारखान्याला गावं वाटून दिली. तुमचं शेत ज्या कारखान्याच्या क्षेत्रात, त्याच कारखान्याला ऊस घालायचा. शेजारचा कारखाना टनाला दोन पैसे जास्त देत असला, तरी तुमचा ऊस तिकडे जाऊ शकत नसे. रान तुमचं, पाणी तुमचं, बियाणं तुमचं, घाम तुमचा, पण ऊस विकायचा कुणाला हे ठरवणार दुसराच. आमचं गाव कागल तालुक्यातलं. बाबांनी ते सगळं भोगलंय. शेतकरी संघटनेनं ह्या बंदीविरुद्ध रान उठवलं आणि नव्वदचं दशक सरता सरता झोनबंदी उठली. बाबा अजून त्या दिवसांबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत.

आता फोनचं कुलूप नेमकं काय करतं ते बघा. प्रत्येक सिमच्या पोटात एक ओळख-क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देशाचे (भारताचे ४०४ आणि ४०५), पुढचे कंपनीचे. कुलूपबंद फोनला सांगून ठेवलेलं असतं की अमुक अंक दिसले तरच दार उघड. बस्स! रेंज पकडणारं यंत्र तेच, स्पीकर तोच, बॅटरी तीच. फोनला काम करता येत असतं, फक्त करू नकोस म्हणून बजावलेलं असतं. नोकियाच्या जमान्यात ह्या कुलपाची किल्ली फोनच्या पंधरा अंकी आयएमईआय नंबरावरून गणित करून निघायची. आमच्या गल्लीतलं एक पोरगं दहावी नापास, पण ती गणितं चहा पिता पिता करायचं. शंभर-दोनशे रुपयांत फोन मोकळा! आता तो धंदा बसला. आयफोनसारख्या फोनांचं कुलूप खरं म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, हजारो मैलांवर असतं. राजारामपुरीतल्या पोराच्या हातात काही उरलेलं नाही.

इथे काही वाचक म्हणतील (माझा आत्येभाऊ तर म्हणालाच), की अरे, कंपनीनं स्वस्तात फोन दिला, हप्त्यावर दिला, मग तिचे पैसे वसूल व्हायला नकोत का?

हवेतच की! ह्यात मला काडीचीही तक्रार नाही. झोनबंदीच्या बाजूनंही हेच बोललं जायचं. कारखान्यानं शेतकऱ्यांच्या भरवशावर कोट्यवधींचं कर्ज काढलंय, उद्या सगळा ऊस दुसरीकडे गेला तर तो चालवायचा कसा? मुद्दा खोटा नाही. कुणाची उचल घेतली असेल तर ती फिटेपर्यंत त्याचा हक्क मान्य. आत्येभावाच्या आयफोनवर आज जे कुलूप आहे ते मला न्याय्य वाटतं. त्यानं उधारीवरची वस्तू मामाला भेट दिली, ही त्याची चूक. (बाळा, वाचतोयस ना?)

माझं भांडण त्यापुढे सुरू होतं. उचल फिटल्यावर काय? आणि ज्यानं उचल घेतलीच नाही, त्याचं काय?

२००८ ची गोष्ट आठवा. २२ ऑगस्टला आयफोन थ्रीजी भारतात आला, एअरटेल आणि व्होडाफोनच्या दुकानांतून. अमेरिकेत तो १९९ डॉलरला मिळत होता, म्हणजे तेव्हाचे आठ-नऊ हजार रुपये, पण दोन वर्षांच्या कराराला बांधून. आपल्याकडे आठ जीबीच्या फोनची किंमत होती ३१,००० रुपये. सूट नाही, हप्त्याचा करार नाही, रोख पैसे मोजा. आणि तरीही फोनला कुलूप! तिकडच्या गिऱ्हाइकानं सवलत घेऊन कुलूप घेतलं. आपण पूर्ण पैसे मोजून कुलूप विकत घेतलं आणि वर मिरवलं.

त्याच्या आधीचं उदाहरण म्हणजे २००३ चा रिलायन्सचा 'मान्सून हंगामा'. ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा. रिक्षावाल्याच्या, भाजीवालीच्या हातात फोन आला तो तेव्हापासून, आणि ते श्रेय द्यायलाच हवं. पण ते फोन सीडीएमए तंत्राचे. त्यांत सिमच नव्हतं, नंबर फोनमध्येच कोरलेला. कंपनी सोडायची तर फोनही सोडायचा. पुढे २०१७ अखेर त्या कंपनीची मोबाइल सेवाच बंद झाली. अशा फोनचं आयुष्य म्हणजे कंपनीचं आयुष्य. ती गेली की तुमच्या हातात नुसतं खेळणं.

आता एक महत्त्वाचा फरक सांगतो, कारण ह्यात भले भले गोंधळतात. 'अनलॉक्ड आहे' म्हणजे 'कुठेही चालेल' असं नाही.

मिरज जंक्शन ज्यांनी जुन्या काळी बघितलंय त्यांना हे चटकन कळेल. मिरजेला एके काळी रेल्वेचे तिन्ही गेज होते, ब्रॉड, मीटर आणि नॅरो. नॅरो गेजचा डबा ब्रॉड गेजवर घालता येत नसे. त्यात कुणाची दादागिरी नव्हती, रुळांमधलं अंतरच वेगळं. मोबाइलचे बँड म्हणजे हे रूळ. पूर्वी अमेरिकेतले जीएसएम फोन ८५० आणि १९०० मेगाहर्ट्झवर चालायचे, आपले ९०० आणि १८०० वर. त्यामुळे तिकडून आणलेला मोकळा फोनही इथे मुका बसायचा. आता बहुतेक महागड्या फोनांत ढीगभर बँड असतात, तरी आणण्याआधी बघावं. आपल्याकडे फोरजीसाठी ३, ५, ८, ४० आणि ४१ हे बँड लागतात, फाइव्हजीसाठी मुख्यतः एन ७८, आणि जिओसाठी एन २८ सुद्धा.

उलट्या दिशेनंही तेच. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं. आता तिथे फोरजीवरून बोलता येणारा फोन, म्हणजे व्होल्टी, लागतो. त्यातही एका मोठ्या कंपनीनं स्वतःची यादी केलीय, यादीतल्याच मॉडेलांना प्रवेश. म्हणजे गेज जुळला तरी फाटकावर माणूस उभाच! इथून मुलाकडे निघालेल्या काका-काकूंनी हे आधी विचारून घ्यावं, नाहीतर विमानतळावर उतरल्यावर शोधाशोध.

तर गेज वेगळा आणि झोनबंदी वेगळी. गेज न जुळणं ही तंत्राची अडचण, माहिती घेतली की टळते. झोनबंदी माणसानं मुद्दाम घातलेली. फोन चालत नसला की दुकानदार दोन्हींना एकच उत्तर देतो, 'सपोर्ट नाही.' त्या एका शब्दाखाली खरी गोम दडते.

असो. आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते सांगतो.

आपल्याकडे आज महाग फोनाला सहसा कुलूप नसतं. पन्नास हजारांचा फोन घ्या, वाट्टेल ते कार्ड घाला. कुलूप सापडतं ते स्वस्त फोनाला. जुलै २०२३ मध्ये पोको सी५१ हा फोन ५,९९९ रुपयांना आला, १८ महिने एअरटेलच्याच सिमला बांधून. तिथे निदान मुदत तरी होती. काही बटणांच्या फोनांना तर मुदतच नसते, ते जन्मभर एका घरी. म्हणजे ज्याच्याकडे पैसा आहे तो मोकळा आणि ज्याच्याकडे नाही त्याच्या दाराला कडी. श्रीमंताला दोन सिम, गरिबाला एक कंपनी.

माझी मावशी शिरोळ तालुक्यात असते, कृष्णाकाठच्या गावात. तिच्याकडे असाच एका कंपनीला बांधलेला स्वस्त फोन होता. मीच घेऊन दिलेला. दुकानदार म्हणाला, ह्यात दुसरं कार्ड चालत नाही, आणि मी म्हटलं, तिला कशाला लागतंय दुसरं कार्ड?

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. मी कोल्हापुरात, मावशी तिकडे, मध्ये समुद्र. दोन दिवस तिचा फोन लागला नाही. काय काय मनात येतं ते त्या पुरात ज्यांची माणसं अडकली होती त्यांना सांगायला नको.

नंतर कळलं ते असं. मावशी, काका आणि शेजारचा एक मुलगा शेजाऱ्यांच्या माडीवर अडकले होते. वीज गेलेली. मावशीच्या फोनला चार्जिंग होतं, त्या साध्या फोनाची बॅटरी टिकते. पण तिच्या कंपनीचा टॉवर बंद पडलेला. शेजारच्या मुलाचा फोन पाण्यात पडून बाद झालेला, पण त्यातलं कार्ड शाबूत. आणि त्याच्या कंपनीला रेंज आहे हे त्याला माहीत होतं, कारण फोन पडायच्या तासभर आधी तो बोलला होता. त्यानं साहजिकच काय केलं? आपलं कार्ड मावशीच्या फोनात घातलं.

फोननं सांगितलं, हे सिम चालणार नाही.

एका माडीवर चालू फोन आहे, चालू कार्ड आहे, हवेत रेंज आहे, आणि तिन्ही मिळून एक फोन लागत नाही. का? तर आत कुणीतरी एक यादी लिहून ठेवलीय. त्या पोरानं म्हणे कार्ड पुसून पुसून दहा वेळा घातलं. त्याला वाटलं कार्ड ओलं आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होडी आली. छावणीत पोचल्यावर कुणाच्या तरी फोनवरून मावशीचा आवाज आला, तेव्हा मी घराच्या पायरीवर बसून रडलो. सगळे सुखरूप होते. पण ती एक रात्र माझ्या खात्यावर आहे, कारण 'कशाला लागतंय दुसरं कार्ड' हे वाक्य माझं होतं.

मी त्या कंपनीचं नाव घेत नाही. पूर तिनं आणला नाही, आणि त्या दिवसांत टॉवर सगळ्यांचेच पडत होते. पण मावशीच्या फोनचे पैसे दोन वर्षांपूर्वीच पूर्ण देऊन झाले होते. कसली उचल बाकी होती? दर महिन्याचा रिचार्जही नियमित होता. तरी कुलूप तसंच.

'स्वस्त मिळतो म्हणून तर तिच्या हाती फोन आला' हे उत्तर मला पटतं, अर्ध्यापर्यंत. स्वस्त द्या, बांधा, पण किती दिवस ते सांगा. ह्या बाबतीत आपण काही जगावेगळं मागत नाही. अमेरिकेत जानेवारी २०१३ पासून नवा फोन कंपनीला न विचारता अनलॉक करणं बेकायदा ठरलं होतं. लोक चिडले, लाखाच्या वर सह्यांचा अर्ज गेला, आणि १ ऑगस्ट २०१४ ला अध्यक्ष ओबामांनी तो हक्क परत देणाऱ्या कायद्यावर सही केली. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन मोकळेच विकायचे आणि जुने फुकट मोकळे करून द्यायचे असा नियम झाला. ब्रिटननं डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकायलाच मनाई केली. ह्या देशांतले मोबाइलचे धंदे काही बुडाले नाहीत.

आपल्याकडे २० जानेवारी २०११ ला नंबर पोर्टेबिलिटी देशभर आली. कंपनी बदला, नंबर तोच ठेवा. जुलै २०१५ पासून राज्य बदललं तरी नंबर तोच. त्याआधी आपण कोगनोळी नाका ओलांडून निपाणीला राहायला गेलो तर नंबर बदलावा लागायचा. सरकारनं मान्य केलं की नंबर गिऱ्हाइकाचा आहे. मग पैसे मोजलेला फोन कुणाचा? मावशी नंबर घेऊन दुसऱ्या कंपनीत जाऊ शकत होती, पण फोन मागेच राहिला असता. सून माहेरी येऊ शकते, पण अंगावरचे दागिने ठेवून, असला हा प्रकार!

माझ्या मागण्या तीनच. एक, पैसे फिटले किंवा मुदत संपली की कुलूप आपोआप निघावं, अर्ज-विनंत्या न करता. दोन, मुदतीशिवाय कुलूप नकोच. आणि तीन, खोक्यावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा की हा फोन अमुक कंपनीलाच चालेल, अमुक तारखेपर्यंत. सिगारेटच्या पाकिटावर लिहिता येतं, मग इथे का नाही?

आणि परदेशी नातेवाईकांना हात जोडून विनंती. फोन आणणार असाल तर आधी सेटिंगमध्ये 'जनरल' आणि मग 'अबाउट' उघडा. तिथे 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असं दिसलं तर आणा. अँड्रॉइड असेल तर तुमच्या कंपनीला विचारा. हप्ते फिटलेत का बघा, मॉडेलचे बँड बघा. एवढं जमत नसेल तर चॉकलेटं आणा. ती सगळ्या नेटवर्कवर चालतात.

बाबांचा आयफोन सध्या शोकेसमध्ये आहे, हप्ते फिटायला अजून वर्षाच्या वर अवकाश आहे. बाबा त्यांचा जुना दोन कार्डांचा फोन खिशात घालून रोज रंकाळ्यावर फिरायला जातात. पाहुणे आले की शोकेसकडे बोट दाखवून सांगतात, "अमेरिकेचा ऊस हाय त्यो, अजून झोनमधनं सुटला न्हाई."

ता. क. - मावशीला छावणीतून घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात मी दोन कार्डांचा मोकळा फोन घेऊन दिला, दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं घालून. दुसरं कार्ड ती कधीच वापरत नाही. पण दर पावसाळ्यात, जूनच्या पहिल्या आठवड्यात, मी त्याचा रिचार्ज करतो. तुमच्याही घरी कुणा म्हाताऱ्या माणसाकडे बटणांचा स्वस्त फोन असेल, तर ह्या रविवारी त्यात दुसऱ्या कंपनीचं कार्ड एकदा घालून बघा. पाणी आल्यावर बघू नका.